आमच्या घरचा बिनडोक

घरी चोवीस तास चालू ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपच्या लॉगमधली, म्हणजे तो आपली आपण लिहितो त्या नोंदवहीतली, ओळ अशी होती: रात्री १० वाजून ४१ मिनिटं, ‘लिड क्लोज्ड’. म्हणजे झाकण मिटलं. त्याखाली लगेच दुसरी ओळ, ‘सस्पेंडिंग’. म्हणजे आता मी झोपतो.

मी ती तीनदा वाचली. मुद्रितशोधन हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे समोर आलेल्या ओळीवर पटकन विश्वास न ठेवण्याची सवय आहे. पण लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला खोटं बोलायचं काही कारण नसतं. मग मान वळवून पुस्तकांच्या कपाटातल्या खालून दुसऱ्या फळीकडे पाहिलं. लॅपटॉप तिथेच होता. त्याला झाकण नाही. चार महिन्यांपूर्वी मीच ते उचकटून काढलं होतं.

आता जरा मागे जाते.

हा लॅपटॉप २०१२ सालचा. तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. उजवी बिजागरी तुटलेली, स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ, आणि कीबोर्डवरची तीन बटणं गायब. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, आणि विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. थोडक्यात, कागदोपत्री हा लॅपटॉप मेलेला. दोन वर्षं तो कपाटाच्या माथ्यावर पडून होता, कारण टाकवत नव्हतं आणि वापरवत नव्हतं.

खाली काढला तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती टचपॅडची. तो एका बाजूने वर आला होता, जणू खालून कोणी बोट लावून ढकलतंय. बॅटरी फुगली होती. इथे मात्र धीटपणा दाखवू नये. फुगलेली लिथियम बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, ‘बघू तरी चालते का’ म्हणून चार्जिंगला लावायची नाही. सांभाळून बाहेर काढली आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिली. जुन्या लॅपटॉपचा सर्व्हर करा, म्हणजे चोवीस तास चालू राहून घरच्यांच्या फाइली सांभाळणारं मशीन, आणि बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस, असं सगळे सांगतात. खरंही आहे, फक्त बॅटरी धड असली तर. बारा-तेरा वर्षं जुनी, आणि आता चोवीस तास चार्जरला टांगलेली बॅटरी मला घरात नको होती.

तुटलेल्या बिजागरीमुळे स्क्रीन एका बाजूला लोंबत होती, म्हणून तीही काढली. सगळं परत बसवल्यावर एक स्क्रू उरला. तो अजून डबीत आहे. स्क्रीन काढल्यावर वायफाय जवळजवळ बंदच पडलं, तेव्हा कळलं की वायफाय कार्डापासून निघणाऱ्या दोन बारीक वायरी, एक काळी आणि एक पांढरी, बिजागरीतून वर जाऊन स्क्रीनच्या काठाला लावलेल्या अँटेनांना मिळतात. स्क्रीन गेली की अँटेना गेल्या. काही बिघडलं नाही, सर्व्हरला केबलच बरी.

भाचा तेव्हा आमच्याकडे होता. त्याने लॅपटॉपचं ते धड पाहिलं आणि म्हणाला, “मावशी, याला हेडलेस सर्व्हर म्हणतात. डोकं नसलेला.”

“म्हणजे बिनडोक,” मी म्हटलं.

डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकताना मशीनचं नाव विचारतात. बाहेरचा मॉनिटर तेवढ्यापुरता जोडला होता. मी तेच नाव दिलं.

या उद्योगाचं मूळ अकरा दिवसांत आहे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी माझं एक ऑनलाइन खातं बंद झालं. कारण म्हणून ‘संशयास्पद हालचाल’ एवढे दोन शब्द. फॉर्म भरला. फॉर्म मिळाल्याचं उत्तर आलं. पुन्हा भरला, पुन्हा तेच उत्तर, स्वल्पविरामासकट. त्या खात्यात एका पुस्तकाची २१४ पानांची खुणा केलेली मुद्रितं होती, जी चार दिवसांत द्यायची होती. सोळा वर्षांचे फोटो होते. आणि जिच्यावर बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलायचे दुवे येतात ती मेलही तिथेच. मुद्रितं मी दोन रात्री जागून पुन्हा वाचली. त्यात आधी सुटलेल्या सात चुका सापडल्या, हा भाग वेगळा. बाराव्या दिवशी खातं उघडलं. बंद का केलं आणि उघडलं का, दोन्हीची कारणं आजतागायत कळलेली नाहीत.

भाच्याच्या पिढीला याबद्दल बोलताना ‘डिजिटल स्वातंत्र्य’ हा शब्द आवडतो. मला तो जरा अंगापेक्षा मोठा वाटतो. मला एवढंच हवं होतं की माझ्या वस्तू कुठे आहेत हे मला माहीत असावं आणि त्या उघडायला कोणाला विनंतीअर्ज करावा लागू नये.

रॅम दुसऱ्या एका मेलेल्या लॅपटॉपमधून काढून ८ जीबी केली. फिरती डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी, म्हणजे चिपांवर साठवणारी, न फिरणारी डिस्क, बसवली. जुन्या मशीनवर एकच गोष्ट बदलायची मुभा असेल तर ती ही. बाकी सगळं त्यानंतर. जुन्या डिस्कचा ‘स्मार्ट’ अहवाल, म्हणजे तिने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, काढून पाहिला होता, त्यात निकामी होऊन बदललेल्या सेक्टरांचा आकडा शून्य असायला हवा तिथे ८८ होता. तिने गुपचूप किती सोसलं होतं ते तेव्हा कळलं.

लॅपटॉपच का, डेस्कटॉप का नको? आमच्याकडे जुना डेस्कटॉपही होता, जास्त ताकदीचा. दोघांना आळीपाळीने वीज मोजायच्या मीटरवर लावलं. डेस्कटॉप काहीही न करता नुसता बसून ६० वॉट खात होता. बिनडोक ११ ते १३. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे १२ वॉटने वर्षाला साधारण १०५ युनिट, आणि ६० वॉटने सव्वापाचशे. जुनं ते सोनं म्हणायच्या आधी त्याचं वीजबिल बघावं. फोटोंचं काम जोरात चालू असलं की बिनडोकही तिशीच्या पुढे जातो, पण ते अधूनमधून. एक उणीव मात्र आहे: वीज जाऊन आली की आपोआप चालू होण्याची सोय डेस्कटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, बहुधा असते, माझ्या या लॅपटॉपच्या बायोसमध्ये नाही. बॅटरी नाही, त्यामुळे वीज गेली की हा आडवा, आणि कोणीतरी जाऊन बटण दाबेपर्यंत आडवाच. शेवटी राउटर आणि तो मिळून एक छोटा यूपीएस लावला.

त्याच्यावर काय काय चालतं ते थोडक्यात सांगते, कारण यादीत रस फक्त यादी करणाऱ्यालाच असतो. फोटोंसाठी इमिच. २०२२ मध्ये सुरू झालेला प्रकल्प, पण वापरायला इतका सोपा की आईच्या फोनवर टाकला तरी तिने मला एकदाही हाक मारली नाही. चेहरे ओळखायचं कामही तो घरच्या मशीनवरच करतो. ३१ हजार फोटो चाळायला बिनडोकाला अडीच दिवस लागले आणि त्या अडीच दिवसांत त्याने माझ्या दोन आत्यांना एकच बाई ठरवलं. (खरं तर आम्हीही लहानपणी तेच करायचो.) मुद्रितांच्या फाइलींसाठी सिंकथिंग. पासवर्डांसाठी व्हॉल्टवॉर्डन. वेगवेगळ्या साइटवरचे नवे लेख एका जागी वाचण्यासाठी फ्रेशआरएसएस, कारण १ जुलै २०१३ ला तेच काम करणारा गूगल रीडर बंद झाल्यापासून दुसऱ्याच्या अंगणात वाचायला बसायचं नाही असं अनेकांनी ठरवलं, त्यातली मी उशिरा आलेली. आणि पाय-होल.

पाय-होलबद्दल दोन वाक्यं जास्त लागतील, कारण पुढची गोष्ट त्याच्यावर बेतलेली आहे. आपण एखाद्या साइटचं नाव टाकतो तेव्हा त्या नावाचा आकड्यांतला पत्ता कोणाला तरी विचारावा लागतो. तो सांगणारा म्हणजे डीएनएस. पाय-होल घरातल्यांसाठी हे काम करतो आणि जाहिराती पाठवणाऱ्यांचा पत्ता कोणी विचारला तर ‘असं कोणी इथे राहत नाही’ म्हणून सांगतो. मात्र तो झोपला तर घरात कोणालाच कोणाचा पत्ता मिळत नाही. नेट चालू असतं, पण बंद असल्यासारखं. राउटरमध्ये जोडीला दुसरा डीएनएस देता येतो, पण मग उपकरणं मनाला येईल त्याला विचारतात आणि जाहिराती मागच्या दाराने येतात. म्हणून मी एकच ठेवला होता.

तर, एका आठवड्यात आमच्याकडे रोज रात्री साडेदहा-पावणेअकराला नेट जायला लागलं.

“नेट गेलं!” नवरा हॉलमधून. “आई, नेट!” मुलगी तिच्या खोलीतून. मी उठून कपाटापाशी जायचे, त्याच्यावरचं सामान बाजूला करायचे, वाकून दिवा बघायचे. दिवा चालू. आणि तेवढ्यात आतून आवाज, “आलं!”

“तू नुसती बघितलंस तरी घाबरून सुरू होतो,” मुलगी म्हणाली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मलाही तसंच वाटायला लागलं. सगळे लवकर झोपले की कोणाच्या लक्षात यायचं नाही, पण सकाळी पाहावं तर रात्रीचा बॅकअप झालेला नसायचा, आणि तरी मशीन मात्र चालू. मध्यरात्री मेला आणि सकाळी सहाला आपला आपण उठला.

मी सगळ्यांवर संशय घेतला. आधी उष्णतेवर: पंखा उघडून धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. तापमान बारा अंशांनी उतरलं, नेट जायचं थांबलं नाही. मग रॅमवर: रात्रभर मेमटेस्ट चालवला, एक चूक नाही. मग अडॅप्टर, मग केबल, मग राउटर. राउटर बिचारा दोनदा फॅक्टरी रीसेट झाला. वहीत वेळा लिहून ठेवल्या: १०.३८, १०.४१, १०.३५, ११.०२. कुठलंही ठरलेलं काम या वेळेला सुरू होत नव्हतं.

आणि लॉग? लॉग मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. पण कसा, तर फक्त ‘चूक’ या दर्जाच्या ओळी गाळून घेऊन. लाल रंगाचं तेवढंच. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्यांना मी गेली कित्येक वर्षं सांगते की स्पेलचेकरने लाल केलेलं तेवढंच वाचू नका, चूक शहाण्यासारखी सरळ उभी असते. नवव्या दिवशी गाळणी काढून पूर्ण लॉग वाचायला घेतला, आणि ती ओळ दिसली. झाकण मिटल्याची. साधी माहिती म्हणून लिहिलेली, कारण त्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने यात चुकीचं काहीच नव्हतं. लॅपटॉपचं झाकण मिटलं की झोपायचं, ही त्याची रीतच आहे. आणि खाली सकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी, ‘लिड ओपन्ड’.

ज्याला झाकण नाही त्याचं झाकण कोण लावतंय आणि कोण उघडतंय?

झाकण मिटल्याचं लॅपटॉपला कळतं कसं, हे मी तोवर शोधलंच नव्हतं. जुन्या काळी त्यासाठी दाबलं जाणारं बटण असायचं. नंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीनच्या चौकटीत एक लहानसा चुंबक असतो आणि खाली कीबोर्डच्या कडेला चुंबकाची चाहूल घेणारा हॉल सेन्सर. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये जे पाहिलं त्याचाच हा उपयोग: विजेच्या प्रवाहाला आडवं चुंबकीय क्षेत्र आलं की कडेला थोडा विजेचा दाब तयार होतो, तो मोजला की चुंबक जवळ आहे हे समजतं. मी स्क्रीन काढली, म्हणजे चुंबक गेला. सेन्सर खालीच राहिला, चुंबकाची वाट बघत.

त्या फळीवर बिनडोक सपाट पडलेला असतो, वर थोडा कोमट. आईला तो फळीचाच भाग वाटायचा. ती रात्री साडेदहापर्यंत टॅबवर वाचते आणि मग टॅब त्याच्यावर ठेवते, कारण चार्जर तिथेच आहे. सकाळी सहाला उठून उचलते. आणि गेल्याच आठवड्यात मुलीने तिला टॅबसाठी नवीन कव्हर आणलं होतं. चुंबकाने मिटणारं.

वरचं सामान बाजूला करून मी दिवा बघायचे असं वर म्हटलं, ते सामान म्हणजे हा टॅब. मी तो उचलायचे, बिनडोकाला वाटायचं झाकण उघडलं, तो उठायचा, आणि मी बघेपर्यंत साळसूदासारखा चालू असायचा.

खात्री करायला टॅब हातात घेतला आणि लॅपटॉपच्या धडावरून उजवीकडून डावीकडे हळूहळू सरकवत नेला. टचपॅड ओलांडला, अजून दोन बोटं पुढे, आणि पुढच्या काठावरचा पांढरा दिवा सावकाश उघडमीट करायला लागला, झोपलेल्याचा श्वास चालावा तसा. उचलला, दिवा स्थिर. ठेवला, उघडमीट. मी हे सात वेळा केलं. मुलीने व्हिडिओ काढला.

आई मागे येऊन उभी राहिली. “अगं, मी काही बिघडवलं का?”

“नाही गं. तू त्याला रोज झोपवत होतीस एवढंच.”

“मला वाटलं ती फळीच आहे.”

उपाय दोन मिनिटांचा. झाकण, बटणं यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या लॉगइनडी या प्रोग्रॅमच्या कॉन्फिग फाइलीत ‘हँडल लिड स्विच’ नावाची ओळ असते, तिच्यापुढे ‘इग्नोर’ लिहायचं. झाकणाला विचारूच नको. शिवाय झोप, सुप्तावस्था वगैरे सगळ्या सोयींना सिस्टमडीमध्ये, म्हणजे लिनक्समधली कामं सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ‘मास्क’ करून टाकलं, म्हणजे पुन्हा कोणी अंगाई म्हटली तरी हा झोपणार नाही. लॅपटॉपचा सर्व्हर करताना हे पहिल्याच दिवशी करायचं असतं. झाकण असलेल्या लॅपटॉपला तर ते सगळेच करतात. माझ्या लॅपटॉपला झाकणच नव्हतं, म्हणून मी केलं नव्हतं.

दुसरा प्रसंग इतका गमतीचा नाही. त्यात मी खरोखर घाबरले.

रात्री अडीच वाजता बिनडोक आपल्या फोटोंची आणि फाइलींची प्रत यूएसबीने जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवर काढतो. लिनक्समध्ये डिस्क एका रिकाम्या फोल्डरवर येऊन बसते, त्याला माउंट करणं म्हणतात. डिस्क जाग्यावर नसली तरी ते फोल्डर असतंच, नुसतं रिकामं. आणि डिस्क सापडली नाही तर डेबियन सुरू होतानाच अडून बसतो आणि स्क्रीनवर विचारत राहतो की आता काय करू. माझ्याकडे स्क्रीन नाही. म्हणून मी ‘नोफेल’ लिहून ठेवलं होतं, डिस्क नसेल तर नसू दे, तू सुरू हो.

साफसफाई करताना डिस्कची केबल सैल झाली. त्याच दिवशी अपडेट करून मी मशीन रीस्टार्ट केलं. ते आज्ञाधारकपणे डिस्कशिवाय सुरू झालं. अडीच वाजता बॅकअप सुरू झाला आणि त्याने ११८ जीबी फोटो त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे ज्या एसएसडीवर मूळ फोटो आहेत त्याच एसएसडीवर, उतरवायला घेतले. पहाटे एसएसडी शंभर टक्के भरली. फोटोंच्या नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसला लिहायला जागा उरली नाही, तो बंद पडला, आणि त्याच्यामागे इमिच.

सकाळी केबल सैल दिसली. घट्ट केली, डिस्क माउंट केली, आता सगळं सुरळीत होईल म्हणून बसले. एसएसडी अजून शंभर टक्के. एकेका फोल्डरचा आकार मोजला, बेरीज येते १३० जीबी. उरलेले नव्वदएक जीबी कुठेच नाहीत. भरलेले आहेत, पण दिसत नाहीत.

ते त्या डिस्कच्या खाली होते. रिकाम्या फोल्डरवर डिस्क येऊन बसली की त्या फोल्डरमध्ये आधी जे काही असेल ते झाकलं जातं, सतरंजीखाली कचरा ढकलावा तसं. डिस्क पुन्हा अनमाउंट केली आणि खाली रात्रीचं सगळं पडलेलं होतं. ते पुसायची आज्ञा लिहिताना माझा हात थरथरत होता, कारण एक अक्षर चुकलं असतं तर मूळ गेलं असतं. मुद्रितशोधकाने स्वतःची ओळ इतक्यांदा तपासल्याचं उदाहरण नसेल.

आता बॅकअपची स्क्रिप्ट आधी विचारते की इथे खरोखर डिस्क माउंट झाली आहे का. नसेल तर थांबते आणि मला निरोप धाडते. आणि डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला ‘चॅटर’ नावाच्या आज्ञेने कुलूप घातलं आहे, म्हणजे त्यात चुकूनही काही लिहिता येत नाही.

या प्रसंगानंतर बॅकअपवरचा माझा विश्वास उडाला, आणि ते बरंच झालं. एक प्रत बहिणीच्या घरी जाते. तिच्याकडेही असाच एक टाकाऊ लॅपटॉप आहे; माझी प्रत तिच्याकडे आणि तिची माझ्याकडे, दोन्ही रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅमने कुलूपबंद करून, म्हणजे एकमेकींचं काही दिसत नाही. पण प्रत आहे आणि ती उघडते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका रविवारी ठरवलं की घर जळालं असं समजायचं. बिनडोक बंद. समोर तो ६० वॉटवाला डेस्कटॉप, कोरा. बहिणीकडची प्रत आणायची आणि सगळं उभं करायचं.

सकाळी दहाला बसले. पहिल्या अर्ध्या तासात डेबियन झालं. रेस्टिकने पासवर्ड विचारला. चाळीस अक्षरांचा, अर्थातच पाठ नसलेला. तो व्हॉल्टवॉर्डनमध्ये. व्हॉल्टवॉर्डन बिनडोकावर. बिनडोक जळालेला.

तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी लावली होती मी. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये पासवर्डांची साठवलेली प्रत होती म्हणून त्या दिवशी निभावलं, पण खऱ्या आगीत फोनही हातात असेल असं कोणी सांगावं? दुपारी आणखी एक गोष्ट कळली: चालू असलेल्या डेटाबेसच्या फाइली नुसत्या उचलून ठेवल्या तर ती प्रत अर्धीमुर्धी निघू शकते, कारण उचलत असतानाच आत लिहिणं चालू असतं. डेटाबेसला स्वतःला सांगून त्याचा ‘डंप’ काढावा लागतो. माझं नशीब की इमिच रोज रात्री तसा डंप काढून ठेवतो. चार वाजता फोटो दिसले. दोन्ही आत्या अजून एकच होत्या, म्हणजे सगळं जसंच्या तसं परत आलं होतं.

तो पासवर्ड आता एका कागदावर पेनाने लिहिलेला आहे, एक प्रत माझ्याकडे, एक बहिणीकडे. दुसऱ्यांदा सराव केला तेव्हा अडीच तास लागले. खात्याच्या अकरा दिवसांसमोर अडीच तास हा आकडा मला आवडतो.

घराबाहेरून बिनडोकापर्यंत पोचायचं कसं, हे आणखी एक. आयपीव्ही४ मध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत, एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी, आणि जागतिक साठ्यातला शेवटचा वाटा फेब्रुवारी २०११ मध्ये देऊन झाला. त्यामुळे बरेच इंटरनेट पुरवठादार अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि त्यापुढचा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर तुम्हीही त्यातले. बाहेरून कोणी तुमचं दार ठोठावूच शकत नाही. माझा तसाच निघाला. मी टेलस्केल लावलं, म्हणजे आपल्याच उपकरणांना एकमेकांशी जोडणारं खाजगी जाळं. आत वायरगार्ड हा कुलूपबंद जोडणीचा प्रोग्रॅम आहे, जो मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच येतो, आणि सामान दोन टोकांमध्ये कुलूपबंद जातं. पण माझ्या फोनची आणि माझ्या लॅपटॉपची ओळख करून देणारा मध्यस्थ एका कंपनीचा, हे खरं. भाच्याच्या मते ही फसवणूक आहे, हेडस्केल लाव, म्हणजे मध्यस्थही आपलाच. त्यासाठी बाहेर भाड्याने सर्व्हर घ्यावा लागेल. मी घेतलेला नाही. दार उघडं ठेवण्यापेक्षा ओळखीचा रखवालदार परवडला.

मेल मात्र घरी आणली नाही आणि आणणारही नाही. घरगुती जोडणीवर मेल पाठवायचं २५ नंबरचं पोर्ट बहुधा बंद असतं, घरगुती पत्त्यांवरून आलेली मेल पुष्कळ ठिकाणी वाचण्याआधीच स्पॅम ठरते, आणि मेल खरोखर आपलीच असल्याचे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे सगळे दाखले नीट लावूनही समोरचा घेईलच असं नाही. प्रकाशकाला पाठवलेलं मुद्रित त्याच्या स्पॅममध्ये पडून राहिलं तर मला कोण विचारणार? मी फक्त स्वतःचं डोमेन घेतलं आणि मेल दुसऱ्या सेवेकडे ठेवली. पत्ता माझा, पेटी भाड्याची. पेटीवाल्याने उद्या दार लावलं तर तोच पत्ता दुसऱ्या पेटीकडे वळवता येतो. डोमेनचंही दरवर्षी भाडं भरावं लागतं, हे भाच्याने लगेच दाखवून दिलं. त्याला म्हटलं, तुझं स्वातंत्र्य तुझ्याकडे ठेव, मला माझी मुद्रितं वेळेत पोचवायची आहेत.

बिनडोक आत्ता हे लिहिताना १४३ दिवस न थांबता चालू आहे. इतके दिवस रीस्टार्ट केला नाही म्हणजे कर्नलचे, लिनक्सच्या गाभ्याचे, अपडेट थकलेत, त्यामुळे हा आकडा कौतुकाचा नाही, या शनिवारी बंद करून चालू करायचाय.

आईला मी कधीच सांगून टाकलं की आता टॅब तिथे ठेवलास तरी चालतो. ती ठेवत नाही. काल रात्री वाचून झाल्यावर ती फळीपाशी गेली, चार्जरची वायर ताणून कशीबशी वरच्या फळीपर्यंत नेली आणि टॅब तिथे पुस्तकांना टेकवून उभा केला.

“अगं ठेव ना त्याच्यावर, काही होत नाही आता.”

“राहू दे,” ती म्हणाली, “जागा आहे ना तो, मग उगाच कशाला.”